एमएसएए 8एक्स लावूनही झाडं का लुकलुकतात? अँटी-अलायझिंगच्या पर्यायांची तुलना

प्रश्न असा आहे: खेळाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये अँटी-अलायझिंगखाली (चित्रातल्या दातेरी कडा आणि लुकलुक घालवायची सोय) एफएक्सएए, एसएमएए, 2एक्स ते 8एक्स एमएसएए, टीएए आणि डीएलएए एवढे पर्याय दिसतात. विचारणाऱ्याने प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढून शेजारी शेजारी ठेवला. टीएए धूसर वाटला, एमएसएए 8एक्स सगळ्यात रेखीव. पण खेळायला बसल्यावर एमएसएएत झाडं आणि जाळीचं कुंपण सतत लुकलुकतं, आणि फ्रेमरेट निम्म्यावर येतो. मग यातलं चांगलं कोणतं?

आधी थेट उत्तर देतो. गेल्या दहाएक वर्षांतला मोठा, वास्तवदर्शी खेळ असेल आणि कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स असेल, तर डीएलएए. फ्रेमरेट कमी पडत असेल तर डीएलएसएस क्वालिटी, म्हणजे तेच पण कमी रिझोल्यूशनवरून. दुसरं कार्ड असेल तर एएमडीचं एफएसआर किंवा इंटेलचं एक्सईएसएस, तेही नसेल तर टीएए आणि सोबत थोडं शार्पनिंग. जुना खेळ, व्हीआर किंवा स्पर्धात्मक शूटर असेल तर एमएसएए 4एक्स. कारणं खाली देतो, कारण ती कळली की पुढच्या खेळातला मेन्यू तुम्हाला स्वतःच वाचता येईल. मी बरीच वर्षं रेंडरिंगचा, म्हणजे खेळाचं चित्र रंगवण्याचा, कोड लिहितोय, आणि एक गोष्ट सतत पाहतो: लोक अलायझिंगला, म्हणजे या दातेरीपणाला आणि लुकलुकीला, एकच दुखणं समजतात. ती तीन वेगळी दुखणी आहेत आणि मेन्यूतली बरीच औषधं त्यातल्या एखाद-दोनावरच चालतात.

मूळ भानगड नमुने घेण्याची आहे. खेळातली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते. ते पडद्यावर उतरवताना जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप, प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूला एकच प्रश्न विचारतो: इथे काय आहे? त्या एका बिंदूचं उत्तर अख्ख्या पिक्सेलचा रंग होतं. आता लांबवर एक विजेची तार आहे, पाव पिक्सेल जाडीची, किंचित तिरकी. काही पिक्सेलांचा मध्यबिंदू नेमका तारेवर पडतो, ते काळे होतात. शेजारच्यांचा हुकतो, तिथे आकाश राहतं. म्हणजे तारेऐवजी तुटक ठिपक्यांची रांग दिसते. कॅमेरा अर्ध्या पिक्सेलने सरकला की हुकलेले लागतात, लागलेले हुकतात आणि रांग मुंग्यांसारखी वळवळायला लागते. फ्रँकलिन क्रो यांनी 1977 सालच्या लेखात ही अडचण मांडली, तेव्हापासून आजवर तिच्यावर एकच प्रामाणिक उपाय आहे: पिक्सेलमागे जास्त नमुने घ्या आणि सरासरी काढा. ते नमुने कुठून आणायचे आणि त्यांची किंमत कशी चुकवायची, एवढाच फरक या सगळ्या पद्धतींत आहे.

ती तीन दुखणी अशी. पहिलं, वस्तूंच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसणं. दुसरं, टेक्स्चरमधला, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रातला, बारीक तपशील लुकलुकणं. यात छिद्रं असलेली टेक्स्चर, म्हणजे पानं, गवत, जाळी, केस, हेही आले. तिसरं, चकाकीचं: ओला दगड, धातू, खडबडीत पृष्ठभागावरचे प्रकाशाचे ठिपके हलताना चमचमतात. साध्या टेक्स्चरचा प्रश्न मिपमॅपने, म्हणजे लांबच्या वस्तूंसाठी आधीच लहान करून ठेवलेल्या प्रतींनी, सुटला (लान्स विल्यम्स, 1983), आणि तिरक्या पृष्ठभागांसाठी ॲनायसोट्रॉपिक फिल्टरिंग आहे. ते 16एक्सवर ठेवा; आजच्या कार्डांना त्याचा भार जेमतेम जाणवतो. उरलेल्या गोष्टींसाठी खरी झटापट आहे.

सुपरसॅम्पलिंग, म्हणजे एसएसएए, सगळ्यांवर चालतं. 1920 बाय 1080 च्या पडद्यासाठी 3840 बाय 2160 वर रेंडर करायचं आणि चार-चार पिक्सेलांचा एक करायचा. वीस लाखांऐवजी त्र्याऐंशी लाख पिक्सेल रंगवायचे, म्हणजे काम चौपट. ड्रायव्हरमधलं डीएसआर (एनव्हिडिया) किंवा व्हीएसआर (एएमडी) हेच करतं. जुन्या खेळात कार्ड रिकामं बसलं असेल तर बेधडक वापरा, नव्या खेळात नाव काढू नका.

एमएसएएची युक्ती फार देखणी आहे. पिक्सेलमध्ये चार नमुने घ्यायचे, पण चारही ठिकाणी फक्त एवढंच तपासायचं की त्रिकोण इथे पोचतो का आणि पुढे दुसरं काही आड आहे का. महागडा भाग, म्हणजे प्रकाश आणि टेक्स्चरवरून रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, शेडर, प्रत्येक त्रिकोणासाठी पिक्सेलमागे एकदाच चालतं. वरच्या तारेने चारपैकी एक नमुना झाकला तर पिक्सेल पाव काळा होतो आणि तार सलग दिसू लागते. इतिहास नाही, अंदाज नाही, धूसरपणा नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तो रेखीव दिसला तो याचमुळे.

आता तुमच्या झाडांकडे या. खेळातलं पान हे पानाच्या आकाराचं मॉडेल क्वचितच असतं. दोन त्रिकोणांच्या चौकोनावर पानांचं चित्र चिकटवलेलं असतं आणि चित्राचा पारदर्शक भाग शेडर फेकून देतं. फेकायचा की ठेवायचा हा निर्णय शेडरमध्ये होतो, आणि शेडर तर पिक्सेलमागे एकदाच चालतं. म्हणजे चार काय, आठ नमुने घेतले तरी ते एकत्र जगतात किंवा एकत्र मरतात. एमएसएएच्या दृष्टीने कड आहे ती अदृश्य चौकोनाची. पानाची कड त्याला दिसतच नाही. जाळीच्या कुंपणाचं तेच. यावर अल्फा-टू-कव्हरेज नावाचा उपाय आहे, त्यात पानाची पारदर्शकता नमुन्यांच्या संख्येत बदलली जाते, पण तो खेळ बनवणाऱ्यांनी घालावा लागतो. तुम्हाला मेन्यूतून काही करता येत नाही. चकाकीचंही असंच: ती शेडरमध्येच जन्मते, त्यामुळे एमएसएए तिला हातही लावत नाही.

कडांवरसुद्धा एमएसएए एका ठिकाणी हरतो, आणि ते उघड्या डोळ्यांनी बघता येतं. अंधाऱ्या खोलीतून प्रखर उजेडाच्या खिडकीकडे बघा. आकाशाची तेजस्विता 20 धरा, भिंतीची 0.2. चौकटीच्या कडेवर चारपैकी एक नमुना आकाशाचा, तीन भिंतीचे. सरासरी येते 5.15. मग टोन मॅपिंग होतं, म्हणजे ही तेजस्विता पडद्याला झेपेल अशा 0 ते 1 मध्ये बसवली जाते; अगदी साधं सूत्र घेऊ, आकडा भागिले आकडा अधिक एक. आकाश 0.95 होतं, भिंत 0.17 आणि कडेचा पिक्सेल 0.84. तीन हिस्से भिंत असलेला पिक्सेल जवळजवळ आकाशाइतका उजळ झाला! डोळ्याला हवा होता 0.36 च्या आसपास. म्हणून 8एक्स लावूनही खिडकीची चौकट दातेरी राहते. सरासरी काढताना नमुन्यांना टोन मॅपिंगचं भान ठेवून वजन दिलं तर हे सुधारतं. काही खेळ ते करतात, काही करत नाहीत.

फ्रेमरेट निम्म्यावर का आला? बहुतेक मोठे खेळ डिफर्ड पद्धतीने रेंडर होतात: आधी पृष्ठभागाची माहिती चार-पाच बफरमध्ये लिहून ठेवायची, प्रकाशाचा हिशेब नंतर. पिक्सेलमागे 20 बाइट धरले तर 4के पडद्यावर तो साठा सुमारे 166 एमबी होतो. एमएसएए 4एक्समध्ये प्रत्येक नमुन्याची माहिती वेगळी ठेवावी लागते, म्हणजे 664 एमबी, आणि ही सगळी दर फ्रेमला लिहायची आणि वाचायची. शिवाय कडेच्या पिक्सेलांवर प्रकाशाचा हिशेब नमुन्यागणिक करावा लागतो. हल्ली मॉडेलांत त्रिकोण इतके बारीक असतात की बराचसा पडदा कडाच असतो. एमएसएएची सगळी बचत तिथेच वाहून जाते.

फॉरवर्ड रेंडरिंगच्या खेळांत, म्हणजे जिथे वस्तू काढतानाच प्रकाशाचा हिशेब होतो, एमएसएए मात्र अजून राजा आहे. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये आजही एमएसएए 2एक्स, 4एक्स, 8एक्स मिळतात. व्हीआरमध्ये तर मी दुसरं काही सुचवणारच नाही: डोकं सतत सूक्ष्म हलत असतं, तिथे जुन्या फ्रेमवर विसंबणारी पद्धत डोळ्यांना शिणवते. वाल्व्हच्या ॲलेक्स व्लाकोस यांनी 2015 च्या जीडीसीत, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत, व्हीआरसाठी किमान 4एक्स एमएसएए धरा असं सांगितलं, आणि चकाकीसाठी वेगळा उपायही दिला: पृष्ठभाग जिथे झपाट्याने वळतो तिथे तो जाणून थोडा खरखरीत धरायचा, म्हणजे प्रकाशाचा ठिपका पसरतो आणि चमचम थांबते. 4एक्सवरून 8एक्सवर जाताना कडेवरच्या छटा पाचाच्या नऊ होतात. फरक असतो, पण 4एक्सची उडी मोठी आणि ही छोटी. किंमत मात्र छोटी नाही.

एफएक्सएए आणि एसएमएए एकाच घराण्यातले. दोन्ही तयार चित्र हातात घेतात, त्यात कड कुठे असावी याचा अंदाज बांधतात आणि तिथे रंग मिसळतात. सुरुवात 2009 मध्ये इंटेलच्या अलेक्झांडर रेशेटोव्ह यांच्या एमएलएए नावाच्या पद्धतीने झाली. एनव्हिडियाच्या टिमथी लॉटीस यांचा एफएक्सएए त्याहून स्वस्त आणि ढोबळ. होर्खे हिमेनेझ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेला एसएमएए पायऱ्यांचे आकार नीट ओळखतो, आणि जे कड नाही त्याला सहसा हात लावत नाही. दोघांत निवड असेल तर एसएमएए, विचार करायची गरज नाही. पण दोघांची मर्यादा एकच: नवा नमुना येत नाही. जी तार मूळ चित्रात ठिपके होऊन आली ती नंतर गुळगुळीत ठिपके होते, तार होत नाही. आणि पुढच्या फ्रेमला अंदाज वेगळा निघाला की कड थरथरते.

आता टीएए. याला शिव्या घालणारे खूप आहेत, आणि त्यातल्या काही रास्त आहेत. पण आजचं ग्राफिक्स याच्यावर उभं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

कल्पना अशी: नमुने एकाच फ्रेममध्ये का घ्यायचे? दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या आतल्या आत किंचित हलवा, बहुधा हॅल्टन क्रमातल्या (नीट विखुरलेल्या) जागांवर फिरवत, आणि मागच्या फ्रेमांत मिसळत जा. नव्या फ्रेमला 10 टक्के वजन दिलं तर स्थिर दृश्यात साधारण 19 नमुन्यांच्या सरासरीइतका परिणाम मिळतो. एमएसएए 8एक्सच्या दुप्पट, तोही एका नमुन्याच्या भावात! वर हे पूर्ण शेडर केलेले नमुने, म्हणजे पानं, जाळी, चकाकी सगळ्यांना लागू. तुमचं कुंपण टीएएत शांत राहतं त्याचं कारण हे. खेळ बनवायच्या अनरिअल इंजिन 4 साठी ब्रायन कॅरिस यांनी 2014 च्या सिग्राफ या ग्राफिक्सच्या परिषदेत ही पद्धत मांडली आणि त्यानंतर ती जवळपास प्रमाण झाली.

त्रास होतो तो वस्तू हलली की. मागच्या फ्रेममध्ये हा बिंदू कुठे होता हे मोशन व्हेक्टरवरून, म्हणजे बिंदू किती आणि कुठे सरकला या नोंदीवरून, शोधावं लागतं. तो बिंदू दुसऱ्या कशाच्या आड असेल तर जुना रंग खोटा, आणि तो वापरला तर वस्तूमागे भुताटकीसारखी शेपूट दिसते, ज्याला घोस्टिंग म्हणतात. म्हणून तपासणी असते: आत्ताच्या फ्रेममधल्या शेजारच्या तीन बाय तीन पिक्सेलांत जे रंग आहेत त्यांच्या मर्यादेत जुना रंग दाबून बसवायचा. बहुतेक वेळा हे झकास चालतं. आता आपली तार घ्या, आणि या खेपेस ती जवळजवळ उभी आहे असं धरा. एखाद्या फ्रेममध्ये कॅमेरा असा सरकलेला असतो की नऊच्या नऊ पिक्सेलांत तार हुकते, सगळीकडे आकाश. इतिहासात तार बरोबर साठलेली आहे, पण तपासणी म्हणते की इथे काळा रंग शक्यच नाही, आणि तार पुसली जाते. चार फ्रेमनंतर परत येते. टीएएतसुद्धा तारा आणि अँटेना लुकलुकतात त्या अशा. ही मर्यादा सैल केली तर तार टिकते पण शेपट्या वाढतात, आवळली तर शेपट्या जातात पण तारा जातात. या एका आकड्यावर मी आठवडे घालवले आहेत.

एकदा आमच्या एका दृश्यात गवताचं मैदान ओल्या रंगात बोट फिरवल्यासारखं फरकटलेलं दिसत होतं. तीन दिवस आम्ही टीएएची वजनं बदलत बसलो. दोष तिथे नव्हताच. गवत वाऱ्यावर डोलत होतं ते व्हर्टेक्स शेडरमध्ये (त्रिकोणांचे कोपरे हलवणाऱ्या प्रोग्राममध्ये), पण मोशन व्हेक्टर लिहिणाऱ्या टप्प्याला वाऱ्याची खबरच नव्हती. त्याच्या मते गवत जागेवर उभं होतं. तिथे मागच्या फ्रेमचा वारा मोजून घातला आणि टीएएला न शिवता मैदान स्वच्छ झालं. हे सांगायचं कारण असं की तुम्हाला टीएए वाईट दिसतो तेव्हा बऱ्याचदा त्या खेळाने त्याला दिलेली माहिती अपुरी असते. काच, धूर, पाऊस यांचे मोशन व्हेक्टर तर अनेकदा नसतातच. म्हणून एका खेळातल्या टीएएवरून दुसऱ्याची परीक्षा करू नका.

धूसरपणाचं खरं कारण मात्र पद्धतीतच आहे. इतिहास दर फ्रेमला थोडा सरकवून वाचावा लागतो, बिंदू दोन पिक्सेलांच्या मधे पडतो, आणि प्रत्येक वाचनात रंग किंचित पसरतो. साठ फ्रेम सलग कॅमेरा फिरवला की हे साचत जातं. चांगले खेळ यासाठी धारदार बायक्युबिक फिल्टर वापरतात आणि टेक्स्चरची मिपमॅप पातळी जरा तीक्ष्ण बाजूला ढकलतात. पडदा 4के असेल किंवा फ्रेमरेट 100 च्या वर असेल तर तोच टीएए बराच सुसह्य होतो: पिक्सेल लहान, आणि दोन फ्रेममधलं अंतरही लहान. 1080पी आणि 30 फ्रेमवर तो सगळ्यात वाईट दिसतो. शार्पनिंगची पट्टी असेल तर कडांभोवती पांढरी किनार दिसेपर्यंत वाढवा आणि तिथून थोडी मागे घ्या.

टीएए वाईट म्हणून पूर्ण बंद करायचा सल्लाही अनेक जण देतात. जुन्या खेळात हरकत नाही. नव्या खेळांत केस, पानं, सावल्या, परावर्तनं मुद्दाम ठिपकेदार काढलेली असतात, कारण पुढे टीएए ती मिसळून घेणार हे गृहीत धरलेलं असतं. तो काढला की केसांची चाळण होते आणि परावर्तनांत वाळू दिसते.

डीएलएएकडे आता सोपं जाईल. तो टीएएच आहे: तोच हलता कॅमेरा, तोच इतिहास, तेच मोशन व्हेक्टर. फरक एवढाच की जुना रंग ठेवायचा की टाकायचा हा निर्णय तीन बाय तीनच्या बोथट नियमाऐवजी शिकवलेलं न्यूरल नेटवर्क घेतं. वरची तार एका फ्रेममध्ये हुकली तरी ते तिला पुसायची घाई करत नाही. तेच नेटवर्क कमी रिझोल्यूशनवरून चालवलं की डीएलएसएस: क्वालिटीत प्रत्येक बाजू सुमारे 67 टक्के, परफॉर्मन्समध्ये 50. 2018 मधली पहिली आवृत्ती प्रत्येक खेळासाठी वेगळी शिकवावी लागायची आणि चित्र मऊ यायचं; 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते कामाचं झालं. 2025 च्या सुरुवातीला आलेलं ट्रान्सफॉर्मर मॉडेल हलत्या चित्रात स्पष्ट फरक दाखवतं, आणि ते आरटीएक्स 20 मालिकेपासून सगळ्यांवर चालतं. माझं मत असं की त्या मॉडेलसह क्वालिटी मोड बऱ्याच खेळांत पडद्याच्या पूर्ण रिझोल्यूशनवरच्या (नेटिव्ह) साध्या टीएएपेक्षा चांगला दिसतो, आणि फ्रेम जास्त मिळतात त्या वेगळ्याच.

एएमडीचं एफएसआर 1 (2021) फक्त एका फ्रेमवरून मोठं करायचं, त्याला अँटी-अलायझिंग समजू नका. एफएसआर 2 पासून ते टीएएच्या जातीचं झालं, एफएसआर 3 सोबत नेटिव्ह एए मोड आला, आणि 2025 चं एफएसआर 4 नेटवर्कवर चालतं, मुळात आरएक्स 9000 मालिकेसाठी. इंटेलचं एक्सईएसएस इतर कार्डांवरही चालतं, पण इंटेलच्या स्वतःच्या आर्क कार्डांवर त्याचा दर्जा वरचा असतो.

तुमच्या तुलनेतली चूक स्क्रीनशॉटची आहे. लुकलुकणं हे काळात घडतं. थांबलेल्या चित्रात ते दिसूच शकत नाही, आणि नेमकं तेच एमएसएएचं दुखणं आहे. अशी जागा शोधा जिथे एका नजरेत कुंपण, झाडं, तार आणि थोडा ओला रस्ता येईल. कॅमेरा अगदी हळू फिरवा, मग बाजूला चाला, मग झटकन वळा. हळू फिरवताना जे लुकलुकेल ते कमी नमुन्यांचं लक्षण, झटकन वळल्यावर जे फरकटेल ते इतिहासाचं. चालताना पात्राच्या खांद्याची कड आणि मागची भिंत बघा. शेपूट तिथे आधी दिसते. व्हिडिओ रेकॉर्ड करून तुलना करत असाल तर जपून, कॉम्प्रेशन बारीक लुकलुक खाऊन टाकतं.

तुमच्या मेन्यूत डीएलएए आहे, म्हणजे कार्ड आरटीएक्स असणार. एमएसएए पूर्ण बंद करा. काही खेळांत तो टीएएसोबतही चालू राहतो आणि फुकट फ्रेम खातो. डीएलएए लावा, शार्पनिंग शून्यावरून सुरू करा, मोशन ब्लर बंद ठेवून वरची चाचणी घ्या. तरीही बारीक अक्षरं आणि नकाशा पुसट वाटला तर ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये कधीकाळी चालू करून विसरलेला एफएक्सएए आहे का ते पाहा. तो पूर्ण तयार चित्रावर, अक्षरांसकट फिरतो, आणि खेळाच्या मेन्यूत त्याचा मागमूसही दिसत नाही.